आजोबांची ट्रंक, पुण्याचा जॉब आणि दहा हजारांचं बजेट: एका मुलीच्या कपड्यांची पूर्ण केस

साताऱ्यात माझं अल्टर आणि शिलाईचं काम आहे. दर उन्हाळ्यात कॉलेज संपवून पोरं-पोरी पुण्याला नोकरीला निघाली की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, ऑफिसला कपडे काय घेऊ आणि कुठून घेऊ. त्यातली ही एक केस सविस्तर लिहितेय कारण हिच्यात जमलेलं पण आहे आणि फसलेलं पण. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं टाकत नाही.

मुलगी बीकॉम झालेली, बाणेरला एका खासगी बँकेच्या ऑफिसात नोकरी लागली, जुलैपासून जॉइनिंग. वडिलांनी कपड्यांसाठी दहा हजार दिलेले. मोबाईलवरच्या कार्टमध्ये तिने ९,२०० चा माल भरूनही ठेवला होता, सहा टॉप, तीन पँट आणि एक ब्लेझर, बटण दाबायचं तेवढं बाकी. माझ्याकडे ती आली ती वेगळ्याच कामाला. कॉलेजच्या इंटरव्ह्यूसाठी आधी एक ब्लेझर घेतला होता, तो घरी धुतला आणि पुढच्या बाजूला सगळे फुगे आले. "मावशी, हे इस्त्रीने बसेल का?"

नाही बसत. असल्या ब्लेझरचं कॅनव्हास, म्हणजे आकार धरायला आत घातलेलं जाड कापड, शिवलेलं नसतं, गोंदाने इस्त्रीसारखं दाबून चिकटवलेलं असतं, फ्युजिंग म्हणतात त्याला. पाण्याने किंवा उष्णतेने गोंद सुटला की वरचं कापड आणि आतलं कॅनव्हास वेगवेगळं व्हायला लागतं आणि मधे हवा राहते. इस्त्री फिरवली की दोन दिवस बरं दिसतं, परत येतंच. मग म्हणाली बरं निदान मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, घट्ट होतोय तो तरी सैल करून द्या. मी अस्तर थोडं उसवून तिलाच दाखवलं, आत कापड किती आहे बघ म्हटलं. जेमतेम पाव इंच, त्यावर कड उसवू नये म्हणून मशीनने चार धाग्यांचं लॉक मारलेलं आणि लॉकच्या पात्याने पुढचं सगळं कापून टाकलेलं. माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, शून्य. सैल करायचं म्हणजे कापड कुठून आणू?

जुनं का नवं हा माझ्यासाठी पहिला प्रश्नच नसतो. कपडा उसवून परत शिवता येतो का, हे मी आधी बघते. कंपनीला शिवणीतलं अर्धा-पाऊण इंच वाचवलं की लाखभर नगात किती थान वाचतं ते कुणीही हिशोब करून बघावं, आणि हे वाचवलेलं कापड म्हणजे नेमकं तेच जे पुढे दहा वर्षं तुमच्या कामाला येणार असतं. मग टाके. एका इंचात आठ-नऊ टाके घातले की मशीन भराभर पळतं, सतरा-अठरा घालायचे तर दुप्पट वेळ. आणि सगळ्यात शेवटी मजुरी. ३९९ चा टॉप बघितला की शिवणारी बाई म्हणून माझ्या डोक्यात आपोआप गणित सुरू होतं, कापड किती, वाहतूक किती, दुकानाचं भाडं किती, मग शिवणारीला काय उरलं असेल. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली बिल्डिंग कोसळली, १,१३४ माणसं गेली, त्यात शिवणकाम करणाऱ्या बायकाच जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी लोकांना कामावर बोलावलं. ऑर्डरी वेळेत द्यायच्या होत्या. हे मी गिऱ्हाइकांना सुनवत नाही, कुणाला कपडे घेताना कसंतरी वाटावं म्हणून तर अजिबात नाही, पण स्वस्त कुठून येतं ते एकदा माहीत असावं.

तर मी तिला विचारलं, घरात जुनं काय आहे? ती हसली. म्हणाली गावाला आजीकडे आजोबांची ट्रंक आहे पण त्यात सगळं म्हाताऱ्या माणसांचं.

गाव मेढ्याच्या पुढे, जावळीतलं. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या शेकडो घरांत हीच कथा आहे, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि कित्येक गिरण्यांची दारं नंतर परत नीट उघडलीच नाहीत. हे आजोबा वर्षभर वाट बघून गावी आले ते कायमचे. येताना ट्रंक आणली. आजी म्हणे की अर्धं कापड तर बोहारणीला देऊन झालं, तेव्हा वाटलं कोण घालणार, त्याची दोन पातेली आणि एक डबा आला. पातेली अजून वापरात आहेत.

ट्रंक साताऱ्याला आली आणि माझ्या दुकानाच्या फरशीवर मी, ती आणि आजी, आम्ही तिघींनी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानात इतका भरला की गिऱ्हाईक दारातूनच विचारायला लागलं काय झालं म्हणून.

काय निघालं ते सांगते. तीन पॉपलीनचे शर्ट, एक पांढरा, दोन बारीक रेघांचे. न शिवलेलं कापड दोन तुकडे. एक गडद तपकिरी लोकरीचा कोट. दोन टेरिकॉटच्या पँटी. आणि खाली, आजीनेच ठेवलेल्या, दोन नऊवारी इरकली, एक सुती आणि एक रेशमी.

शर्टांपासून सुरू केलं. रेघांच्या शर्टाची बाजूची शिवण उलटी केली आणि पट्टी लावून मोजलं, एका इंचात अठरा टाके. शिवण दुमडून बंद केलेली, कापडाची एकही कच्ची कड बाहेर नाही, लॉकची गरजच नाही. बगलेत छोटी त्रिकोणी चकती लावलेली, जिथे शर्ट आधी फाटतो तिथेच. काजं हाताने केलेली. कॉलर मात्र घासून घासून झिजलेली, घडीवर पांढरे धागे दिसत होते. पांढरा शर्ट उजेडाला धरला तर बगलेत कापड पिवळं आणि कडक, बोटाने जरा ताणलं तर टर्रकन गेलं. घामाने कापड कुजतं, त्याला इलाज नाही. तो बाद. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वाकळंला व्हईल." झाला पण.

दोन शर्ट घेतले. पुरुषाचा शर्ट बाईला नुसता बाजूने दाबून चालत नाही, खांदा खाली पडतो आणि पोत्यासारखं दिसतं, बाह्या काढाव्या लागतात, खांदा कापून मुंढा नव्याने आखायचा, पुढे-मागे टक्स, म्हणजे अंगाला बसवणाऱ्या चुण्या, टाकायचे. कॉलर उसवली, उलटी केली, आतली कोरी बाजू वर आली, परत लावली. आमच्या आईच्या काळात हे घरोघरी व्हायचं, कारकून लोक एका शर्टात असे दोन शर्टांचं आयुष्य काढायचे.

कापडाच्या तुकड्यांत खरी मजा होती. दोन्ही पांढरट, हाताला जवळपास सारखेच. एकाच्या किनारीवर गिरणीचा छाप आणि सॅन्फोराइज्ड लिहिलेलं, म्हणजे आटण्याची प्रक्रिया आधीच केलेलं. दुसऱ्याची किनार उलगडली तर ६७ टक्के टेरीन, ३३ टक्के कॉटन. मुलगी म्हणाली पण हे तर जुनं आहे ना, जुन्यात पॉलिस्टर कसं? अगं, टेरीन म्हणजे पॉलिस्टरच, त्यात कॉटन मिसळलं की टेरिकॉट, आणि त्या काळी त्याची केवढी क्रेझ, सुती शर्टाला रोज इस्त्री लागते आणि टेरिकॉट धुतला की वाळला की घातला. लग्नात जावयाला टेरिकॉटचं कापड देणं म्हणजे मान होता. खात्री करायला दोन्हीच्या कडेचा एकेक धागा काढून चिमट्यात धरून जाळला. सुती धागा कागदासारखा जळला आणि बोट लावताच राख विस्कटली, टेरिकॉटचा आकसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. रेशीम-लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो. एवढी टेस्ट घरी पण करता येते, फक्त सिंकवर करा आणि ओढणी सांभाळून.

सुती तुकडा तरीही रात्रभर पाण्यात ठेवला, छापावर मी विश्वास ठेवत नाही. फारसा आटला नाही. पण त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, छत्तीस इंच. आताच्या रुंद पन्ह्याच्या हिशोबाने कापायला गेलं तर फसणार, कुर्त्याला दुप्पट लांबी धरावी लागली. पाच मीटरमध्ये दोन कुर्ते काढले, दुसऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंतच आल्या. प्रत्येक शिवणीत पाऊण इंच माया ठेवली, बाजूला एक इंच.

आता कोट. सगळ्यांचा जीव त्या कोटात. मुलीच्या डोक्यात चित्र तयार होतं की हाच ब्लेझर करून घालायचा. अस्तर खालून उसवलं तर आत कॅनव्हास हाताने टाके घालून बसवलेलं, गोंदाचा पत्ता नाही, छातीजवळ कोट नुसता उभा धरला तरी आकार धरून राहतो. पाठीच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया. परळच्या कुठल्यातरी टेलरचं लेबल, नाव पुसलेलं. त्या टेलरला मी मनात हात जोडले. पण बाह्यांना कसर लागलेली, डाव्या बाहीवर तर चाळणीच, आणि आजोबांचा खांदा अठरा इंच, हिचा पंधरा. कोटाचा खांदा कमी करणं म्हणजे घराची भिंत ठेवून पाया बदलण्यासारखं काम, बाही, कॉलर, कॅनव्हास सगळं सोडवावं लागतं आणि मजुरी नव्या कोटापेक्षा जास्त होते. इथे भावनेच्या भरात लोक पैसे घालवतात. मी सरळ नाही म्हटलं. बाह्याच काढून टाकल्या, मुंढा आत घेतला, बिनबाह्यांचं जॅकेट केलं, बाहीचं चांगलं उरलेलं कापड आणि धागे रफूला वापरले. पुढच्या बाजूला दोन भोकं होती ती रफूगाराकडे पाठवली. रफूगार आता हाताच्या बोटावर मोजण्याइतके, मी ज्यांच्याकडे पाठवते ते पुण्याला बसतात, त्याच कापडातला धागा काढून विणतात, काम उजेडात धरल्याशिवाय कळत नाही.

टेरिकॉटच्या पँटी हा माझ्या दृष्टीने या केसमधला सगळ्यात अवघड भाग, कारण ट्रंकेतल्या सगळ्या मालात धडधाकट त्याच होत्या. रंग तसाच, शिवण तशीच, इस्त्रीची घडी सुद्धा तशीच! कसर नाही, बुरशी नाही. जुनं ते टिकाऊ असं म्हणायचं तर पहिला नंबर पॉलिस्टरचा लागतो हे मान्य करायला पाहिजे. पण दुपारी घालून एसटीने सातारा-पुणे करा मग कळेल, घाम आत कोंडतो. तिने एक घेतली, कमरेत माया होती म्हणून बसली पण, ऑफिसात एसी असल्याने चालेल म्हणाली.

इरकलींवरून मात्र थोडी वादावादी झाली. मुलीला दोन्ही कापून कुर्ते हवे होते. आजी म्हणाली काप, मी कुठं नेसतीय आता. आणि विरोध केला तो मी. सुती इरकल उत्तम होती, तिचा टोपपदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, अंगाच्या धाग्यांत पदराचे धागे फासासारखे अडकवून जोडतात, ते काम कर्नाटकातल्या इलकलचे विणकर हाताने करतात. धड साडीवर कात्री चालवायला माझा हात होत नाही. हे काही शास्त्र नाही, माझं मत आहे. मी म्हटलं ही ठेव, सणाला नेस. रेशमी मात्र घडीवर विरलेली होती, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की रेशीम त्याच रेषेवर तुटतं, म्हणून साड्यांच्या घड्या बदलायच्या असतात. तिचे घडीमधले धड भाग घेऊन, पूर्ण अस्तर लावून एक कुर्ता केला. तिला आधीच सांगितलं की हा चार समारंभांचा कपडा आहे, रोजचा नाही.

हिशोब असा झाला. दोन शर्ट ७००, दोन सुती कुर्ते ९००, जॅकेट १,२००, रफू ६००, रेशमी कुर्ता अस्तरासकट ८००, टेरिकॉट पँट ४००. एकूण ४,६००. ओळखीची सूट धरलेली नाही. याशिवाय दोन नव्या सुती पँटी दुकानातून घेतल्या, २,८०० च्या, घेताना ट्रायल रूममध्ये उलट्या करून बघितल्या, मागच्या शिवणीत इंचभर कापड आहे का, खिशाचं कापड पातळ जाळीसारखं तर नाही ना. आणि हे सगळं व्हायला महिन्याच्या वर गेला, जॉइनिंग आधी आलं, म्हणून कार्टमधले दोन टॉप तिने घेतलेच, १,१०० चे. मिळून ८,५००. उरलेल्या पंधराशेत बूट आले.

म्हणजे पैशाने फार काही वाचलं नाही. हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं जुनं म्हणजे फुकट. कापड फुकट होतं, हात फुकट नव्हते. आणि वेळ. ज्याला परवा नोकरीवर हजर व्हायचंय, ज्याच्या घरी ट्रंक नाही आणि खिशात हजार रुपये आहेत, तो चारशेचा शर्ट घेणार आणि त्याने घ्यावा, त्याला नावं ठेवणारी मी कोण.

वर्षभराने ती सगळं घेऊन परत आली, एक पावसाळा आणि एक हिवाळा झालेला. दोन्ही शर्ट आठवड्यातून एकदा तरी घातलेले, एका कफची कड झिजायला लागलीय, बाकी ठीक. कुर्ते बाजूने सैल करायचे होते, पुण्याच्या मेसचं जेवण अंगी लागलं म्हणे. एक इंच माया होती, त्यातली अर्धी सोडली, एका बैठकीत दोन्ही झाले. जॅकेटला मागे परत कसरीचं एक भोक, कारण पूर्ण पावसाळाभर ते कपाटात बंद. लोकरीला ऊन दाखवावं लागतं, ब्रश मारावा लागतो. रेशमी कुर्ता पाठीत खांद्याखाली फाटला, तिसऱ्याच कार्यक्रमात, खुर्चीवरून वाकताना. अस्तरामुळे अब्रू राहिली. टेरिकॉटची पँट जशीच्या तशी, पण उन्हाळ्यात तिने तिला हातही लावला नाही.

आणि ते दोन टॉप? एकाची बाजूची शिवण धुऊन धुऊन फिरून पोटावर आली होती, दुसऱ्यावर बगलेत आणि कमरेवर बारीक गोळे. मिश्र कापडात सुताचे तोकडे तंतू बाहेर येऊन गोळा होतात आणि पॉलिस्टरचा चिवट धागा त्यांना धरून ठेवतो, म्हणून नुसत्या सुती कपड्यावरचे गोळे गळून जातात आणि यावरचे जात नाहीत. तिने विचारलं हे कुणाला देऊन टाकू का. घेणार कोण? २०१९ च्या पुरात सांगलीला मदतीचे ट्रक चालले होते तेव्हा जुने कपडे पाठवू नका म्हणून लोकांना सांगायची वेळ आली होती. लोकर असेल तर पानिपतला पिंजून परत सूत होतं, ब्लँकेटं होतात, पण असलं मिश्र कापड वेगळं करणं महाकठीण, जगात कपड्यांच्या मालातला एक टक्का सुद्धा परत नवा कपडा होत नाही. शेवटी दोन्ही टॉप माझ्या मशीन पुसायला आले, त्यालाही नीट उपयोग नाही.

ज्यांच्याकडे ट्रंक नाही त्यांनी मला विचारलंय की इन्स्टावरून व्हिंटेज म्हणून विकतात ते घ्यावं का. घ्या, पण विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा, बगलेचा आणि उलट्या बाजूच्या शिवणीचा, आणि साइज अक्षरात नको, खांदा, छाती, उंची इंचात. बाजू कमी-जास्त होते, खांदा सहज होत नाही, म्हणून खांदा बसला तरच घ्या. साधारण वीस वर्षं तरी जुनं असेल तर व्हिंटेज म्हणायची रीत आहे, पण मागच्या वर्षीचा मॉलमधला टॉप सुद्धा त्याच नावाने खपवतात. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात जाणार असाल तर बुधवार किंवा रविवार धरून सकाळी लवकर जा, दुपारनंतर नुसती गर्दी.

राहिला कॉलरचा प्रश्न, तो पण बऱ्याच जणांनी विचारला. आताच्या शर्टाची कॉलर उलटून मिळेल का? बहुतेक नाही, कारण ती पण आत गोंदाने चिकटवलेली असते, उसवून उलटी केली की गोंदाची बाजू आणि सुरकुत्या दिसतात. मग नवीन कॉलरच करावी लागते. त्या रंगाचं कापड बाजारात मिळत नाही, तर आम्ही ते शर्टाच्याच मागच्या घेरातून खालून काढतो आणि तिथे पांढरा तुकडा लावतो. शर्ट खोचून घालणारा असेल तर कुणाला कळत नाही, बाहेर सोडून घालणारा असेल तर आधी सांगा.